‘लवकर’ म्हणजे नक्की किती लवकर? लहान मुलांचं अपंगत्व, थेरपी आणि संशोधन

पोफळी (डिचोली)

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. ‘ऑटिझमच्या मुलाला पाच वर्षांच्या आत आठवड्याला ४० तास थेरपी मिळाली नाही, तर मेंदूचं दार कायमचं बंद.’ खाली पॅकेजचे दर. त्याच ग्रुपवर माझी चुलत बहीण आहे. तिच्या अडीच वर्षांच्या मुलाच्या ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान नुकतंच झालंय आणि ती आता नोकरी सोडायच्या गोष्टी करतेय. तिला एकटीला समजावण्यापेक्षा इथे सगळ्यांसमोर लिहिते. मी डॉक्टर नाही, मास्तरीण आहे. विशेष शिक्षणाचा कोर्स केल्यामुळे मूळ पेपर वाचायची खोड लागलीय एवढंच. काही चुकलं तर जाणकार कान धरतीलच.

तर हे ४० तास आले कुठून? १९८७ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या इवार लोवास यांनी एक पेपर छापला. १९ मुलं, आठवड्याला ४० तास, दोन वर्षांहून जास्त काळ एकास एक शिकवणी. त्यातली ९ मुलं पुढे साध्या शाळेत पहिली पार करून गेली आणि त्यांचा बुद्ध्यांकही सर्वसाधारण आला. त्या काळी ऑटिझम म्हटलं की पालकांना फारशी आशाच दाखवत नसत, त्यामुळे पेपर गाजला आणि अजून गाजतोय. पण त्यातल्या दोन गोष्टी फॉरवर्डमध्ये कधीच येत नाहीत. कुठलं मूल ४० तासांच्या गटात आणि कुठलं तुलनेच्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. शिकवणारे उपलब्ध आहेत की नाहीत त्यावर ठरलं. आणि त्या शिकवणीत मोठ्याने ‘नो’ ओरडणं, प्रसंगी मांडीवर चापट मारणं हेही होतं. आज आमच्या शाळेत कुणी असं केलं तर दुसऱ्या दिवशी पालक दारात उभे राहतील.

त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलंय. २०१० मध्ये ‘अर्ली स्टार्ट डेन्व्हर मॉडेल’चा अभ्यास आला. दीड ते अडीच वर्षांची ४८ मुलं, या वेळी गट चिठ्ठ्या टाकूनच पाडलेले, आणि शिकवणी टेबलाशी बसवून न देता खेळता खेळता. दोन वर्षांनी त्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी १७ गुणांच्या वर वाढला, दुसऱ्या गटाचा ७. चांगलाच फरक आहे. मात्र पुढे जास्त केंद्रांत तोच प्रयोग केला तेव्हा फायदा मुख्यतः भाषेत दिसला, बाकीच्या गोष्टींत तितका नाही.

आणि २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकायट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात जो अभ्यास आला तो चक्क आपल्या गोव्यातला. नाव ‘पास’. आपल्याकडची ‘संगाथ’ संस्था आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी अशा दोन ठिकाणी मिळून २ ते ९ वर्षांची ६५ मुलं. मूळ पद्धत ब्रिटनची, पण इथे ती राबवली ती स्पीच थेरपिस्टनी नाही, तर प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी. सहा महिन्यांत १२ बैठका. बैठकीत मुलावर कोणी काही करत नाही! आई किंवा वडील मुलाशी खेळतात, त्याचा व्हिडिओ काढतात आणि मग तो एकत्र बसून बघतात. निकाल: पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. दोघांचं एकाच गोष्टीत लक्ष असण्याचा वेळ मात्र थोडा कमी झाला, तेही पेपरात सरळ लिहिलंय. अभ्यास लहान आहे, यावरून ‘बरा झाला’ वगैरे काही सिद्ध होत नाही.

२०२४ मध्ये तर १४४ अभ्यास आणि ९ हजारांवर मुलं एकत्र धरून तपासलं की थेरपीचे तास वाढले की फायदा वाढतो का. तसा ठोस पुरावा सापडला नाही.

माझं म्हणणं एवढंच, की ‘लवकर’ या शब्दाची भीती घालून तास विकले जातायत. लवकर सुरू करावं, नक्कीच. पण काय सुरू करावं, आणि कोणत्या अपंगत्वाला किती घाई, याची उत्तरं वेगवेगळी आहेत.

बांदकरांचा_बबन

वाचतोय. धाग्यावर भांडणं होऊ देऊ नका ही विनंती.

जुना_खलाशी (वास्को)

पोफळीताई, लेख अभ्यासपूर्ण आहे, पण मला पटला नाही. माझ्या नातवाला तिसऱ्या वर्षापासून रोज सेंटरला नेलं, सकाळी दोन तास, संध्याकाळी दीड. आज तो वाक्यं बोलतो, गणपतीत आरती म्हणतो. तास नव्हते तर काय होतं मग?

दुसरं म्हणजे, ‘घरीच करा, पालकांनी करा’ असं म्हटलं की ते शेवटी कोणाच्या गळ्यात पडतं? सुनेच्या. मी बोटीवर होतो तेव्हा माझ्या बायकोने चार पोरं वाढवली, मला माहीत आहे ‘पालक’ म्हणजे कोण ते. सेंटरला मुलगा जातो तेवढे दोन तास ती माऊली निदान जेवते तरी.

पोफळी

काका, दुसऱ्या मुद्द्याला शंभर टक्के सहमत. पालकांनी करायच्या पद्धतींवर हीच टीका संशोधकही करतात, आईच्या पाठीवर आणखी एक ओझं. सेंटरमुळे घरच्यांना श्वास मिळत असेल तर त्यासाठी सेंटर लावावं, पण ‘श्वास घ्यायला’ असं म्हणून लावावं. पाच वर्षांची धास्ती घेऊन नव्हे.

पहिल्या मुद्द्याबद्दल: नातवाची प्रगती खरीच. फक्त त्याला रोज एकच तास मिळाला असता तर तो कुठे असता, हे एका मुलावरून कुणालाच सांगता येत नाही. म्हणून तर दोन गट करावे लागतात.

अबोली (फोंडा)

व्हिडिओवाल्या पद्धतीबद्दल लिहिते, कारण आमच्याकडे साधारण तसंच झालं (अभ्यासात नव्हतो, नंतर एका ताईने शिकवलं).

मुलगा तेव्हा तीनचा. डब्यांची झाकणं जमिनीवर भिंगरीसारखी फिरवायची, हा एकच खेळ. ताई आली, सोफ्यावर बसली, म्हणाली रोजच्यासारखं खेळा. मोबाईलवर शूट केलं आणि लगेच लावून दाखवलं. ‘यात तो तुमच्याकडे कधी कधी बघतो ते सांगा.’ आधी मला वाटलं होतं की तो कधीच बघत नाही. व्हिडिओ मागेपुढे केल्यावर दिसलं, तीन वेळा बघतो. तिन्ही वेळा मी बोलायची थांबलेली असते. चुलीवरच्या दुधाकडे वळून बघते तेव्हा, खोकते तेव्हा, असं.

मग काम एवढंच. झाकण फिरवायचं आणि ते पडलं की हातात धरून गप्प बसायचं. तो बघेपर्यंत. सुरुवातीला हे गप्प बसणंच जीवघेणं, सासूबाई आतून विचारायच्या, ‘गे, खेळना तूं ताचेकडेन?’ (त्याच्याशी खेळत नाहीस?) काही आठवड्यांनी तो झाकण स्वतः आणून माझ्या तळहातावर ठेवायला लागला. ‘फिर’ हा शब्द त्यातूनच आला. रंग, आकडे, ए फॉर ॲपल हे सगळं त्याला तोपर्यंत पाठ करून घेतलं जात होतं आणि ते तो पोपटासारखं म्हणायचाही. पण कोणाला उद्देशून म्हटलेला पहिला शब्द हा.

जाता जाता, हे सगळं छान वाटतं वाचायला. रोज होत नाही. महिन्यातून पंधरा दिवस तो टीव्हीसमोर आणि मी कपड्यांच्या ढिगात.

कानोसा

मी ऑडिऑलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करते. वरची सगळी चर्चा ऑटिझमपुरती ठीक. पण इथे शंभर जण वाचतायत, त्यातल्या एखाद्याने ‘म्हणजे घाई नाही’ असा अर्थ काढू नये म्हणून लिहिते. कानाच्या बाबतीत उशीर म्हणजे उशीरच.

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात योशिनागा-इतानो आणि सहकाऱ्यांनी ऐकू न येणारी किंवा कमी येणारी १५० मुलं तपासली. सहा महिन्यांच्या आत निदान होऊन मदत सुरू झालेली मुलं भाषेत स्पष्टपणे पुढे होती, मग बहिरेपण कमी असो की जास्त. तेव्हापासून जगभर १-३-६ हा नियम: एक महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत कानाचं मशीन किंवा जे काही लागेल ते. सहा वर्षं नव्हे, सहा महिने.

आणि आपल्याकडे काय होतं? घरचे पाठीमागून ताट वाजवतात, मूल वळतं, सगळे खूश. अहो, ताट वाजवणाऱ्याची सावली पुढे पडते, जमीन हादरते, पंख्याखाली वाऱ्याची झुळूक लागते. मूल त्याला वळतं. शिवाय ताटाचा आवाज ऐकू येणारं मूल ‘स’ आणि ‘श’ ऐकू शकत नसेल तर भाषा कुठून येणार? तान्ह्या बाळाची ओएई (ऐकण्याची पहिली चाळणी) तपासणी झोपेत, काही मिनिटांत होते. कानात एक मऊ बूच घालतात, दुखत नाही. त्यात शंका आली तर बेरा, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी. प्रसूतीच्या कागदांत ओएईचा रिपोर्ट आहे का, हे आज घरी जाऊन बघा. नसेल तर विचारा.

बोलत नाही म्हणून कुठल्याही थेरपीला मूल आणण्यापूर्वी आधी कान तपासा. ऑटिझमचा संशय असला तरी आधी कान.

नवी_आई_पेडणे

कानोसाताई, पोफळीताई, एक विचारू का? मुलगी दोन वर्षांची, डाऊन सिंड्रोम आहे. घरात कोंकणी, आजोबा-आजी मराठी बोलतात, शेजारी आणि पुढे शाळेत इंग्रजी. एका ठिकाणी सांगितलं की एकच भाषा ठेवा, शक्यतो इंग्रजी, नाहीतर गोंधळ होईल. मला इंग्रजी धड येत नाही. मग मी तिच्याशी बोलूच नको का?

कानोसा

बोला, बोला, भरपूर बोला, आणि कोंकणीतच बोला. डाऊन सिंड्रोमच्या मुलांवर आणि ऑटिझमच्या मुलांवरही या प्रश्नाचा अभ्यास झालाय. दोन भाषांत वाढणारी अशी मुलं एका भाषेत वाढणाऱ्या तशाच मुलांपेक्षा मागे पडलेली आढळली नाहीत. उलट आईने न येणाऱ्या भाषेत बोलायचं म्हणजे तिचं बोलणं चार शब्दांवर येतं: कम, सिट, ईट, नो. गोष्ट नाही, गाणं नाही, लाडिक भांडण नाही. गोव्यात हा सल्ला अजून दिला जातो याचा मला खरंच राग येतो.

तिचे कान आणि थायरॉइड मात्र नियमित तपासा. डाऊन सिंड्रोममध्ये कानात पाणी साचणं फार नेहमीचं आहे आणि घरच्यांना ते ‘हट्टीपणा’ वाटतं.

नवी_आई_पेडणे

देव बरें करूं ताई.

रात्रपाळी

नवजात विभागात नर्स म्हणून बरीच वर्षं काढली. जन्मल्यावर न रडलेली, पेटीत ठेवलेली बाळं घरी जातात तेव्हा आई-वडिलांना पूर्वी एकच वाक्य सांगितलं जायचं: ‘वाट बघू, दोन वर्षांची होईपर्यंत कळेल.’ सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा नसण्याच्या) बाबतीत हे वाक्य आता बाद झालंय. २०१७ मध्ये इओना नोव्हाक आणि जगभरच्या तज्ज्ञांनी पुरावा तपासून सांगितलं की सहा महिन्यांच्या आत निदान, किंवा किमान ‘मोठा धोका आहे’ एवढं तरी, सांगता येतं. त्यातली एक तपासणी मला फार आवडते. बाळ तीन ते पाच महिन्यांचं असताना उताणं ठेवायचं, जागं, शांत, हातात खेळणं नाही, आणि नुसता व्हिडिओ काढायचा. निरोगी बाळाचे हात, पाय, मान सगळीकडे बारीक बारीक वळवळत असतात. ती वळवळ नसेल तर प्रशिक्षित माणसाला ते कळतं. यंत्र नाही, सुई नाही. अर्थात सोबत एमआरआय आणि हातापायांची तपासणी लागते.

आणि फिजिओबद्दल. आपल्याकडे फिजिओ म्हणजे कोणीतरी बाळाचे हातपाय धरून हलवायचे आणि बाळाने रडायचं, अशी समजूत आहे. नोव्हाक यांच्याच पुराव्यांच्या आढाव्यात असं ‘करून घेतलेलं’ काम खाली घसरलंय आणि बाळाने स्वतः, त्याला हव्या असलेल्या गोष्टीसाठी केलेली धडपड वर आलीय. खुळखुळा हातात देऊ नका, बोटभर लांब ठेवा. तेल-मालिश करा हवी तर, बाळाला बरं वाटतं, पण त्याला उपचार समजू नका.

एक टोचणी मात्र संशोधनवाल्यांनाही. न रडलेल्या बाळांना थंड ठेवायचा उपचार श्रीमंत देशांत उपयोगी ठरला. तोच भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर पडताळला (‘हेलिक्स’, २०२१), तर मृत्यू कमी व्हायच्या ऐवजी वाढले. म्हणून कोणी ‘अमेरिकेत सिद्ध झालंय’ म्हणालं की मी विचारते, इथे केलंय का कुणी? पोफळींनी गोव्याचा अभ्यास दिला त्याचं मोल मला म्हणून जास्त वाटतं.

आकडेमोड

थोडं पाणी ओततो, रागावू नका. कमी दिवसांच्या बाळांसाठीच्या लवकर मदतीच्या कार्यक्रमांचा कॉक्रेन आढावा (सगळे अभ्यास एकत्र धरून केलेली तपासणी) आहे. बुद्धीच्या चाचण्यांत फायदा दिसतो, बालवाडीच्या वयापर्यंत टिकतो, पुढे शाळेच्या वयात तो दिसेनासा होतो. मग एवढा आटापिटा कशासाठी?

अवांतर: दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या अभ्यासांत पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं नाव आदराने घ्यायला हवं. १९८७ ते ८९ मध्ये जन्मलेली कमी वजनाची बाळं त्यांनी अठरा वर्षांची होईपर्यंत सोडली नाहीत. घरं बदललेली, गावं बदललेली माणसं शोधून काढणं सोपं काम नाही. वेळेआधी जन्मलेली आणि शिवाय पोटात वाढ खुंटलेली मुलं सगळ्यात मागे राहिली, हे त्यातून कळलं. म्हणजे कोणावर लक्ष जास्त ठेवायचं हे आपल्याकडच्याच आकड्यांतून सांगता येतं.

आणि हो, २०१८ मध्ये छापून आलेल्या पाच ठिकाणांच्या भारतीय पाहणीत उत्तर गोवाही होता. सुमारे चार हजार मुलं. २ ते ६ वयात मेंदूच्या वाढीशी संबंधित अडचणी (ऐकणं, दिसणं, फिट्स, ऑटिझम सगळं धरून) सरासरी ९.२ टक्के, ६ ते ९ वयात १३.६. पंचवीस मुलांच्या अंगणवाडीत दोन तरी. ‘आमच्या गावात असं कोणी नाही’ म्हणणाऱ्यांसाठी.

चाकावरचा (मडगाव)

आकडेमोड, ‘आटापिटा कशासाठी’ला उत्तर मी देतो. मला सेरेब्रल पाल्सी आहे, वय चाळिशीच्या पुढे.

तुमचे सगळे अभ्यास बुद्ध्यांक मोजतात आणि मग म्हणतात फायदा विरला. माझ्या लहानपणी माझ्यावर ‘चाल, चाल’ एवढं एकच काम चालायचं. आठव्या वर्षापर्यंत मी चालेन या आशेवर मला व्हीलचेअर दिली नाही, कडेवरून न्यायचे. चेअर आली त्या दिवशी मी पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीने एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलो. कुठली चाचणी ते मोजते? लवकर मदत म्हणजे मूल लवकरात लवकर ‘नॉर्मल’ दिसावं, असा अर्थ असेल तर मला ती नको. मुलाला लवकर बोलता यावं, मग तोंडाने, खुणांनी, चित्रांच्या पाटीने, कशानेही. लवकर हलता यावं, मग चाकांवर का होईना. वेदना कमी असावी. खुब्याचा सांधा निखळतोय का हे वेळच्या वेळी एक्स-रे काढून बघावं. ते माझ्या बाबतीत कुणी बघितलं नाही आणि तो आजही दुखतो.

जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट (अपंग व्यक्तींचा महोत्सव) झाला तेव्हा लहान मुलांना घेऊन आलेले पालक आम्हा मोठ्यांकडे चोरून बघत होते. दोघा-तिघांनी धीर करून विचारलं, ‘तुम्ही काय काम करता?’ लवकर मदतीच्या केंद्रात एखादा आमच्यासारखा माणूस पगारावर ठेवा, असं मी तेव्हापासून म्हणतोय.

आकडेमोड

पटलं. प्रश्न मागे घेत नाही, पण पट्टी चुकीची आहे हे मान्य.

सेविका_सत्तरी

मी अंगणवाडीत आहे. तुम्ही सगळे शिकलेले, मी कामाचं सांगते. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्राने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल काढला. वयानुसार मूल काय करतं ते बघायचं, मागे वाटलं तर पुढे पाठवायचं, आणि त्याला अंगणवाडीतच इतरांबरोबर घ्यायचं. आरबीएसकेची (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची) गाडी येते तेव्हा डॉक्टर बघतात. तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी (अशा मुलांच्या तपासणी-थेरपीचं सरकारी केंद्र) चिठ्ठी मिळते, तिथे फुकट. कागदावर सगळं बरोबर आहे.

अडतं ते चिठ्ठीनंतर. घरात सांगितलं की आजी म्हणते, ‘ताचो बापूयय चार वर्सांनी उलयलो’ (त्याचा बापही चार वर्षांनीच बोलला). बापूस गप्प. आई माझ्याकडे बघते. कामाचा दिवस मोडून, दोन बस बदलून, मांडीवर मूल घेऊन जायचं आणि तिकडे पुढची तारीख मिळायची. दोनदा जातात, तिसऱ्यांदा जात नाहीत. मी त्यांना दोष देत नाही.

पोफळीबाय म्हणते तसे कार्यकर्ते आमच्या गावात यायला हवेत. आम्हालाच शिकवा ना ते व्हिडिओचं. मोबाईल सरकारने दिलेला आहेच.

जुना_खलाशी

सेविकाबाईंच्या शेवटच्या दोन वाक्यांसाठी सगळा धागा वाचला असं म्हणेन. तास-बिस राहू द्या, हे होत असेल तर माझा विरोध मागे.

नवी_आई_पेडणे

पैशांचं काही सांगाल का कुणी? प्रमाणपत्र नाही म्हणून थेरपी थांबवायची का?

पोफळी

नाही, थांबायचं नाही. आरबीएसके आणि शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागत नाही, नुसती शंका पुरे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र) लागतं ते योजनांसाठी, त्याचा अर्ज समांतर करून ठेवा. मुलीचा बौद्धिक अपंगत्वाचा दाखला झाला की नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना बघा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध अपंगत्व यांसाठी आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीच्या खर्चालाही ठरावीक मर्यादेत जागा आहे. आधीपासूनचा आजार म्हणून नाकारत नाहीत. बिलं जपून ठेवा आणि त्यावर मुलीचं नाव कार्डावर आहे तसंच लिहून घ्या; स्पेलिंग बदललं की क्लेम अडकतो.

नवी_आई_पेडणे

तिच्या जन्मदाखल्यावर आणि आधारवर आडनाव वेगवेगळं लिहिलंय. आधी तेच निस्तरते.